साक्षरतेच्या पुढचे पाऊल : महाराष्ट्रातील मुस्लिम समाजाची सामाजिक व आर्थिक स्थिती

भारतातील मुस्लिम समाज शिक्षणात मागे आहे, हे विधान आता सर्वपरिचित झाले आहे. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण ५९.१ टक्के होते, तर संपूर्ण देशाचे सुमारे ६५ टक्के. महाराष्ट्राचे आकडे मात्र याच्या उलट दिसतात. त्याच जनगणनेत राज्याचे साक्षरतेचे प्रमाण ७६.९ टक्के, तर राज्यातील मुसलमानांचे ७८.१ टक्के नोंदले गेले. मुस्लिम स्त्रियांचे प्रमाणही राज्यातील एकूण स्त्रियांपेक्षा अधिक भरले. हे आकडे पाहून या समाजाचा शैक्षणिक प्रश्न महाराष्ट्रात तरी सुटला आहे, असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो. तो निष्कर्ष कितपत खरा आहे, याचा विचार गावपातळीवर व नगरपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

सरासरीच्या आड काय दडले आहे?

राज्यातील मुस्लिम लोकसंख्या प्रामुख्याने शहरी आहे. २००१ मध्ये महाराष्ट्राच्या एकूण लोकसंख्येपैकी सुमारे ४२ टक्के लोक शहरांत राहत होते. मुसलमानांमध्ये मात्र हे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. शहरांत शाळा जवळ असते, वर्तमानपत्र मिळते, अक्षरओळखीची गरज रोज भासते. त्यामुळे शहरी भागाची साक्षरता ग्रामीण भागापेक्षा स्वाभाविकच अधिक असते. त्या वर्षी राज्याच्या शहरी भागात ८५.५ टक्के, तर ग्रामीण भागात ७०.४ टक्के साक्षरता होती.

आता एक साधा हिशेब करून पाहावा. शंभरांपैकी सत्तर लोक शहरात आणि तीस लोक खेड्यात राहणारा कोणताही समाज राज्याच्या त्या त्या भागाइतकाच साक्षर असता, तर त्याची साक्षरता सुमारे ८१ टक्के भरली असती. मुसलमानांची प्रत्यक्ष साक्षरता ७८.१ टक्के होती. म्हणजे वरवर पाहता सव्वा टक्क्याची जी आघाडी दिसते, ती राहण्याच्या ठिकाणाचा विचार केला असता सुमारे तीन टक्क्यांची पिछाडी ठरते. याचा अर्थ असा की, शहरात राहण्याचा जो लाभ मिळावयास हवा, तो या समाजाला पुरता मिळालेला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे साक्षरता ही शिक्षणाची पहिली पायरी होय. रोजगार बदलतो तो त्यापुढच्या पायऱ्यांवर. पंतप्रधानांनी मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपला अहवाल सादर केला. देशात सतरा वर्षांवरील लोकांपैकी सुमारे २६ टक्के लोक मॅट्रिक झालेले असताना मुसलमानांमध्ये हे प्रमाण १७ टक्केच असल्याचे त्या अहवालात दाखवून दिले आहे. वीस वर्षांवरील लोकांमध्ये पदवीधर व पदविकाधारकांचे प्रमाण देशात सुमारे ७ टक्के, तर मुसलमानांमध्ये ४ टक्क्यांहूनही कमी होते. साक्षरतेत सहा टक्क्यांचा असलेला फरक मॅट्रिकपर्यंत नऊ टक्क्यांचा होतो, आणि पदवीपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या तर देशाच्या प्रमाणाच्या जवळजवळ निम्म्यावर येते. मूल शाळेत येते. पण मध्येच निघून जाते. हे ‘मध्येच’ कोठे व का घडते, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

एक समाज, अनेक समूह

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील मुसलमानांची संख्या १ कोटी २९ लाखांहून अधिक असून, ती राज्याच्या लोकसंख्येच्या ११.५४ टक्के आहे. एवढ्या मोठ्या समाजाची स्थिती सर्वत्र सारखी असणे शक्य नाही. मुंबईतील बोहरा, खोजा व मेमन हे परंपरेने व्यापारी समाज. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान घरात मराठीचीच बोली बोलतात. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांची मिळकत पूर्वी जहाजांवरील व पुढे आखाती देशांतील नोकरीवर उभी राहिली. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान असून अनुसूचित जमातींत मोडतात. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत मुलाणा व तांबोळी हे जुन्या बलुतेदारी-अलुतेदारीच्या व्यवस्थेचेच घटक होते. मराठवाड्यात १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. त्यानंतर उर्दूचे राजभाषेचे स्थान गेले आणि संस्थानी नोकरीवर अवलंबून असलेल्या वर्गाला उपजीविकेचे नवे मार्ग शोधावे लागले.

भाषेच्या बाबतीतही हेच दिसून येते. २०११ मध्ये राज्यात उर्दू ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या ७५ लाखांच्या आसपास होती. मुसलमानांच्या एकूण संख्येशी ती ताडून पाहिली असता असे ध्यानात येते की, राज्यातील फार मोठ्या मुस्लिम लोकसंख्येची मातृभाषा उर्दू नसून मराठी, हिंदी, गुजराती किंवा अन्य भाषा आहे. तेव्हा ‘मुसलमानांसाठी योजना’ म्हणजे ‘उर्दू शाळा’ एवढेच समीकरण मनाशी बाळगणे पुरेसे नाही.

या वैविध्यातही एक गोष्ट समान आढळते. व्यापारी समूह व काही सुस्थित घराणी वगळता, या समाजातील बहुसंख्य लोक परंपरेने कारागीर, छोटे विक्रेते आणि अंगमेहनतीची कामे करणारे आहेत. मोमीन कापड विणतात, पिंजारी वा नदाफ कापूस पिंजतात, बागवान फळे व भाजी विकतात, अत्तार सुगंधी द्रव्यांचा व्यापार करतात, मणियार बांगड्या भरतात, शिकलगार हत्यारांना धार लावतात. यांपैकी अनेक समूह राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत समाविष्ट आहेत, तर छप्परबंदांसारखा समूह विमुक्त जातींत गणला जातो.

रोजगाराचे स्वरूप

सच्चर समितीच्या पाहणीत देशाच्या शहरी भागातील मुस्लिम कामकऱ्यांपैकी ५७ टक्के स्वयंरोजगारी आढळले. हिंदूंमध्ये हे प्रमाण ४३ टक्के होते. नियमित पगाराची नोकरी असणारे शहरी मुसलमान केवळ २७ टक्के होते. शासकीय सेवांतील उपस्थिती त्याहून विरळ होती. २००१ च्या लोकसंख्येत मुसलमानांचा वाटा १३.४ टक्के असताना भारतीय प्रशासन सेवेत तो ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के, तर रेल्वेत सुमारे ४.५ टक्के आढळला.

स्वयंरोजगार हा शब्द कानाला बरा वाटतो. प्रत्यक्षात हातगाडी, पंक्चर काढण्याचे दुकान, गॅरेज, वेल्डिंग, शिवणकाम, फळांची टोपली असे त्याचे रूप असते. या धंद्यांत निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. कमावता माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळला तर घरची चूल अडते. अशा घरात चौदा वर्षांचा मुलगा हा उद्याचा विद्यार्थी असतो तसाच आजचा हातभारही असतो, आणि घराची गरज आजची असते.

यंत्रमागाचे उदाहरण

ही साखळी कशी गुंफली जाते, हे नाशिक जिल्ह्यातील मालेगाव व ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागाच्या शहरांत स्पष्ट दिसते. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात आजच्या उत्तर प्रदेशातील विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने दक्षिणेकडे आली. मोसम व गिरणा या नद्यांच्या परिसरातील मालेगावात त्यांनी हातमाग मांडले. पुढे वीज आल्यावर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. मुंबईतील गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला आणि लांबला. त्यानंतर भिवंडीतील यंत्रमागांची वाढ आणखी वेगाने झाली. २०११ मध्ये भिवंडीची लोकसंख्या सात लाखांवर, तर मालेगावची पावणेपाच लाखांच्या घरात होती.

या धंद्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. सूत व्यापाऱ्याकडून येते. ते खळ देऊन बीमवर चढविले जाते आणि माग चालविणारा त्याचे कोरे कापड विणून देतो. छोट्या मागमालकाकडे बहुधा स्वतःचे खेळते भांडवल नसते. तो व्यापाऱ्याच्या सुतावर ठरावीक मजुरीने कापड विणतो. सुताचा भाव वाढला, कापडाची मागणी घटली किंवा विजेचा दर चढला की त्याचा फटका प्रथम याच मजुरीला बसतो. मागावर उभा राहणारा कामगार विणलेल्या कापडाच्या मापावर पैसे मिळवितो. बारा तासांची पाळी, एका वेळी अनेक माग, कानठळ्या बसविणारा खडखडाट आणि हवेतील कापसाचे तंतू अशा परिस्थितीत तो काम करतो. माग बंद तर मजुरी बंद. घरोघरी स्त्रिया व मुली कांड्या भरणे आणि तत्सम कामे करतात. त्यांची गणना कारखान्याच्या हजेरीपटावर होत नाही.

अशा शहरात मुलाला काम शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ते गल्लीतच उभे असते. म्हणूनच येथील शाळेची स्पर्धा दुसऱ्या शाळेशी नसून मागाशी असते. आठवी-नववीतील मुलगा वर्गात नाही असे दिसले, तर तो मागावर असण्याचा संभव मोठा असतो. यात पालकांना शिक्षणाची आस्था नाही असे समजणे अन्यायाचे होईल. मुलगा मॅट्रिक झाला तरी पुन्हा मागावरच उभा राहणार असेल, तर मधली तीन वर्षे कशासाठी खर्चावयाची, हा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाला उपदेशाने उत्तर मिळत नाही. शिकून वेगळे काम मिळालेले तरुण वस्तीत दिसू लागले, तरच ते मिळते.

आठवीनंतरची दरी

मुस्लिम मुले शाळेऐवजी मदरशांत जातात, अशी एक समजूत रूढ आहे. सच्चर समितीने ती तपासून पाहिली. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मुले मदरशांत शिकत असल्याचे तिला आढळले. उलट सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. खरा प्रश्न या पंचवीस टक्क्यांचा आहे.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व नगरपालिका यांनी चालविलेल्या उर्दू प्राथमिक शाळांची परंपरा जुनी आहे आणि राज्यातील साक्षरतेच्या चांगल्या प्रमाणात तिचा वाटा आहे. अडचण येते ती पुढे. अनेक लहान गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढील उर्दू माध्यमिक शाळा दूरच्या शहरात असते, आणि जवळच्या मराठी माध्यमिक शाळेत शिरावयाचे तर विज्ञान, गणित, इतिहास हे सर्व विषय एकदम दुसऱ्या भाषेत शिकावे लागतात. मुलगी असेल तर अंतराचा प्रश्न अधिकच कठीण होतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदाही चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच, हात देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीतून पहिली ते आठवीचे वर्ग वगळून ती नववी व दहावीपुरती मर्यादित केली. या सर्वांचा अर्थ एकच : आठवीतून नववीत जाण्याचा क्षण हाच निर्णायक होय, आणि सर्वाधिक लक्ष तेथेच पुरवावयास हवे.

स्त्रियांचे अदृश्य श्रम

सच्चर समितीच्या पाहणीनुसार पंधरा ते चौसष्ट या वयोगटातील स्त्रियांपैकी देशात सुमारे ४४ टक्के स्त्रिया कामकरी होत्या. मुस्लिम स्त्रियांत हे प्रमाण २५ टक्के होते. ज्या काम करीत त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के स्वयंरोजगारी होत्या, म्हणजे बहुतांशी घरात बसून शिवण, जर, विडी, कांड्या यांसारखी कामे करीत होत्या. मध्यस्थ माल आणून देतो आणि तयार नगाच्या हिशेबाने पैसे देतो. बाजारातील भाव त्या स्त्रीला ठाऊक नसतो. बचत गट, सहकारी संस्था आणि घरकामगारांची नोंदणी यांची गरज येथे सर्वांत अधिक आहे.

पत आणि भांडवल

छोट्या धंद्याला वाढावयाचे असेल तर पत लागते. बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जखात्यांपैकी सुमारे १२ टक्के खाती मुसलमानांची होती; येणे रकमेत मात्र त्यांचा वाटा केवळ ४.७ टक्के होता. म्हणजे खाते उघडले जाते, परंतु कर्ज लहानच राहते. लहान कर्जावर हातगाडी चालते, कारखाना उभा राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ आणि २००० मध्ये राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये स्वतंत्र अल्पसंख्याक विकास विभागही सुरू केला. त्याच सुमारास केंद्राने अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी हाती घेतलेल्या बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रमात राज्यातील परभणी, हिंगोली, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांचा समावेश झाला.

आरक्षणाच्या मार्गानेही प्रयत्न झाला. राज्य शासनाने २००८ मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान अभ्यासगटाने २०१३ मध्ये अहवाल देऊन शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत आरक्षणाची शिफारस केली. जुलै २०१४ मध्ये अध्यादेशाद्वारे ५ टक्के आरक्षण देण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिलेल्या अंतरिम आदेशात नोकऱ्यांतील तरतुदीस स्थगिती दिली, शिक्षणातील तरतुदीस दिली नाही. तथापि अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. म्हणून आज या समाजातील मागास समूहांना मिळू शकणारा आरक्षणाचा लाभ मुख्यतः इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्या याद्यांतूनच मिळतो.

एका नोंदीचे मोल

येथेच एक लहानशी वाटणारी, पण फार मोठी अडचण उभी राहते. जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये अनेक मुलांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात केवळ ‘मुसलमान’ अशी नोंद आढळते. आजोबा पिंजारी असतील, आडनाव नदाफ असेल, कापूस पिंजण्याचा धंदा सर्व गावाने पाहिलेला असेल. पण कागदावर जात नाही. परिणामी पात्र मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो आणि शुल्काच्या आकड्यापुढे थांबतो.

अशा वेळी गावचे दप्तर कामी येऊ शकते. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने खरेदीखत, महसुली कागद, भाऊबंदांपैकी कोणाच्या दाखल्यातील उल्लेख यांतून धागा सापडतो. आज पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाच्या बाबतीत मुख्याध्यापकांनी पालकांना विचारून धर्म व जात या दोन्ही नोंदी प्रथमच अचूक करून घेतल्या, तर पंधरा वर्षांनंतरची धावपळ वाचेल. याला कोणत्याही नव्या योजनेची अथवा निधीची आवश्यकता नाही.

सुरक्षिततेची भावना

आर्थिक प्रगतीला शांततेचा आधार लागतो. भिवंडीत १९७० व १९८४ मध्ये दंगली झाल्या. माणसे गेली, माग जळाले, व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला. १९८८ च्या सुमारास तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत दोन्ही समाजांच्या नागरिकांच्या मोहल्ला समित्या स्थापन केल्या आणि पोलीस व नागरिक यांचा नित्याचा संपर्क घडवून आणला. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. मुंबईच्या त्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यासारख्या ठिकाणी राहावयास गेली. भीतीपोटी एकाच वस्तीत दाटी झाली की शाळा, पाणी व दवाखाने अपुरे पडतात, आणि इतर समाजांशी रोजचा संबंध तुटतो. यावरून शांतता राखण्याचे काम हे विकासाचेच काम असल्याचे दिसून येते.

स्थानिक पातळीवरील कर्तव्य

मुस्लिम समाजातूनही प्रयत्नांची मोठी परंपरा आहे. मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लाम आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये सुरू केलेले मौलाना आझाद महाविद्यालय ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु खेड्यातील व गल्लीतील मुलापर्यंत प्रथम पोहोचतो तो तेथील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य.

त्यांच्या हाती असलेली कामे साधी आहेत. आठवी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाची व मुलीची यादी जून महिन्यात पाहावी आणि जो नववीत आला नाही त्याच्या घरी जावे. उर्दू शाळेतील मराठीचे अध्यापन पाचवीपासूनच भक्कम करावे, म्हणजे पुढील माध्यमबदलाची भीती राहणार नाही. मुलींसाठी बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घेण्याचा ठराव ग्रामसभेत करावा. महामंडळांच्या कर्जाचे अर्ज वस्तीत नेऊन ते भरण्यास साहाय्य करावे. पंतप्रधानांच्या २००६ च्या नव्या १५ कलमी कार्यक्रमात, शक्य तेथे उद्दिष्टांचा १५ टक्के भाग अल्पसंख्याकांसाठी राखण्याची जी अपेक्षा व्यक्त झाली आहे, तिचा आढावा जिल्हा पातळीवर नियमितपणे घेतला जावा.

जनगणनेच्या तक्त्यात ७८.१ हा आकडा समाधान देणारा आहे, आणि तो ज्यांनी घडविला त्या शाळांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्या आकड्यात स्वतःचे नाव लिहिता येणारा आणि पुढे काहीच न शिकलेला मुलगाही मोजलेला असतो. त्याला नववीच्या वर्गात परत आणून बसविणे, हे यापुढचे काम होय.